औषधाले उपवास लागत नाही

ज्याने भूक जिंकली, त्याने वेदना जिंकली.

ताई, हे वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत एका निवृत्त प्राचार्यांनी ते उच्चारलं आणि नंतर इतका वेळ थांबले, की भाषण संपलं असं समजून मागच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. प्राचार्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागली होती, गुडघ्याला पट्टा होता, आणि परत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिली चौकशी केली ती चहाची. त्यानंतर आणखी तिघांनी "बाईंनी शरीरावर विजय मिळवला" असं सांगितलं. धाकटा भाऊ म्हणून माझ्याही हातात माईक दिला. मी "आभारी आहे" म्हणून तो परत केला. जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, आणि ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं.

मला पहिली शंका आली होती ती भाकरीवरून. माझी बायको सुधा गेली तेव्हा तू अमरावतीहून अकोल्याला आलीस आणि माझ्या घरात दीड-दोन महिने राहिलीस. आपल्याकडे ज्वारीची भाकर परातीत थापतात, आणि तुझ्यासारखी थापणारी घराण्यात दुसरी नव्हती. त्या वेळी तू पोळपाटावर लाटायला लागलीस. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणालीस, "ही नवी पद्धत होय. पीठ कमी सांडते." बोटांच्या मधल्या सांध्यांवर बोरांएवढी सूज होती. सकाळी गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरून तू बसायचीस, बोटं उघडेपर्यंत. तोवर चहा निवलेला असायचा.

त्या दिवसांत तू मला एकदाही धीर दिला नाहीस. येणारे-जाणारे सगळे आत्मा, कर्म, नियती यांच्यावर बोलून जायचे, आणि ते गेल्यावर तू विचारायचीस, "वरणात मीठ कमी तं नाही ना रे, बाळ्या?" बायको गेलेल्या माणसाला याहून उपयोगी काही विचारता येतं असं मला आजही वाटत नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

शाळेतल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तू खडू मुठीत धरून फळ्यावर लिहायचीस. संस्कृतची शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं, आणि आता मुठीतल्या खडूने काढलेली रूपं पाहून मुलींना वाटायचं बाई चिडल्यात. निवृत्त झालीस त्या उन्हाळ्यात मी तुला अकोल्याला, संधिवाताच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई होती. तिने तुझी बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि म्हणाली, "आजी, हे म्हातारपणाच्या झिजेचं नाही. शरीराची फौज शरीराच्याच सांध्यांवर चालून जाते."

"म्हंजे यादवी," तू म्हणालीस. तुला ती डॉक्टरीण आवडली होती.

तिने तीन गोष्टी लिहून दिल्या. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी: ती खरं औषध, गुण यायला अडीच-तीन महिने लागतील, मधूनमधून रक्त तपासायचं. तोवर सांधे उठले की दुखणं मारायची गोळी, ती जेवणानंतरच. आणि तिच्यापासून पोट सांभाळायला तिसरी, सकाळी नाश्त्याआधी. मग तिने पेन खाली ठेवून दोघांकडे पाहत सांगितलं, "दुखण्याची गोळी उपाशीपोटी नको. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर फोन करत बसू नका, सरळ या."

तू विचारलंस, "उपवास?"

"करा ना. उपवासात काही जणांची सूज उतरते, ते खोटं नाही. पण जेवण सुरू झालं की बहुधा परत येते. फक्त ज्या दिवशी उपवास, त्या दिवशी ती गोळी नाही."

जिना उतरताना तू कठड्याला धरून म्हणालीस, "पोरगी हुशार आहे. पण एकादशी तिनं केलेली नाही."

मी तेव्हा हसलो होतो.

आठवड्याची गोळी तू गुरुवारी घ्यायचं ठरवलंस. "हे औषध होय का वार?" असं म्हणत का होईना, काही आठवडे घेतलीसही. मग शेजारच्या प्रभावहिनींच्या भाच्याने मोबाईलवर पाहून सांगितलं, की ही कॅन्सरची गोळी आहे. तू मला फोन केलास.

"मले कॅन्सर आहे काय रे?"

"नाही."

"मंग ही कावून देऊन राहिली ती?"

मी सांगितलं, की तेच औषध फार थोड्या मात्रेत या दुखण्यालाही देतात, म्हणून तर आठवड्यातून एकदा.

"थोडं असलं म्हणून विषाचा काय गूळ होते?"

मी अकोल्यात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. मात्रा म्हणजे काय हे बारावीच्या पोरांना समजावू शकलो, तुला नाही. सोळा सोमवार विनातक्रार थांबणारी बाई एका गोळीला तीन महिने द्यायला तयार नव्हती. गोळी बंद झाली. दुखणं मारायची गोळी मात्र राहिली, कारण ती तासाभरात गुण द्यायची. आणि उपवास राहिले, कारण ते तुझे होते.

मग तू ग्रंथ काढलेस. आपल्या आजोबांची भिक्षुकी गेली, पण त्यांची कपाटं तुझ्याकडे आली होती. तुला संस्कृत येत होतं, म्हणून वैद्यकही येतं असं तू धरून चाललीस. तुझ्या दुखण्याचं तिथलं नाव आमवात. न पचलेलं अन्न म्हणजे आम, तो सांध्यांत जाऊन बसतो, लंघन केलं की पचतो आणि बाहेर पडतो. एका म्हाताऱ्या वैद्यांनाही तू हे ऐकवलंस. ते म्हणाले, "बाई, लंघन बळ असलेल्या माणसाला. तुमच्यात बळ कुठं आहे?" घरी येऊन तू मला म्हणालीस, "वैद्य बरे आहेत, पण व्याकरण कच्चं आहे त्यांचं." त्यांच्याकडे तू पुन्हा गेली नाहीस.

आहाराचे नियम आले. दही बंद, वांगं बंद, आंबट बंद. तूरडाळ बंद, म्हणजे वऱ्हाडात जेवायला बसायचं कारणच बंद. शेंदूरजनाघाटहून मावसभावाच्या बागेतली संत्र्यांची पेटी दर बहाराला यायची. ती तू न उघडता वाटून टाकायचीस आणि मग खोलीभर उरलेल्या वासात बसून जप करायचीस. बटाटा वातूळ म्हणून बंद होता, पण एकादशीला चालायचा, कारण तो उपवासाचा. मी म्हटलं, "ताई, बटाट्याला कसं कळतं आज कोणता वार आहे?"

"त्याले कायले कळाले पायजे? खाणाऱ्याले कळते ना."

तुझ्या कॉलनीतल्या बायका तुझ्याकडे निवाडे मागायला यायच्या. उपवासाला कोथिंबीर चालते का? हळद? दातांना मशेरी? तू प्रश्न ऐकून घ्यायचीस, डोळे मिटायचीस आणि निकाल द्यायचीस. न्यायालयापेक्षा तुझ्याकडे लवकर लागायचा. असाच एकदा कुणीतरी विचारलं, की निर्जळी एकादशीला रक्तदाबाची गोळी चालते का. तू म्हणालीस, "औषधाले उपवास लागत नाही." सगळ्यांना हायसं वाटलं. निकाल चांगला होता. शहाण्या माणसाचा होता. वाईट इतकंच, की तू तो स्वतःलाही लागू केलास.

कारण गोळी चालते म्हटलं, तरी पाणी? त्याचाही निवाडा तयार होता: औषधाबरोबर जाईल तेवढं पाणी औषधातच धरायचं, पण आचमनाएवढं, त्याहून जास्त घेतलं तर ते पाणी पिणं झालं. म्हणजे एकादशीला, आदल्या रात्रीपासून रिकाम्या पोटात, दुखणं मारायची गोळी तळहातातल्या तीन थेंबांवर. पूजेला मांडी घालून बसायचं म्हणून कधी दोन गोळ्या. पोट सांभाळायची गोळी नाही. का नाही, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "ती नाश्त्याच्या आधी सांगितली होती. नाश्ताच नाही तं आधी काय अन् नंतर काय?" इतक्या शुद्ध तर्काने स्वतःचं नुकसान करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आणि गुण येत होता, ही खरी अडचण. द्वादशीच्या सकाळी फोन यायचा. "मूठ वळली." एकदा मी समोर होतो. तू हात पुढे केलास आणि बोटं हळूहळू आत घेतलीस, अंगठा वरून बंद केलास. लहान मुलाला खेळणं दाखवावं तसं मला दाखवलंस. ती मूठ मी विसरणार नाही.

"गोळीनं वळली का उपवासानं?" मी विचारलं.

"दोघांनी मिळून."

"मग वेगवेगळं करून पाहू. एक एकादशी बिनगोळीची. अन् एक दिवस पोटभर जेवून गोळी."

"आली मास्तरकी." पण तू अर्ध्याला कबूल झालीस. एका साध्या बुधवारी भाकर, पालेभाजी खाऊन गोळी घेतलीस. दुपारी मूठ वळली. मी काही म्हणायच्या आत तू म्हणालीस, "मागच्या एकादशीचा असर अजून आहे, पाह्य." बिनगोळीची एकादशी झालीच नाही. तो प्रयोग अर्धा राहिला आणि आता त्याचा निकाल दोघांपैकी कुणालाच मान्य करावा लागणार नाही.

तुझं मला समजत नव्हतं असं नाही. ज्या शरीराने सकाळी उठून तुझी वेणी घालू दिली नाही, नळ सोडू दिला नाही, लुगड्याची निरी धरू दिली नाही, ते शरीर एका गोष्टीत तुझं ऐकायचं: जेवू नको म्हटलं की जेवायचं नाही. बाकी सगळ्या घरात बंड होतं, एवढी एकच खोली तुझ्या हुकमात होती. ती सोड, असं मी सांगत होतो. मीही सोडली नसती.

या चातुर्मासात तू एकादशीला सोमवार जोडलास, मग गुरुवार. फोनवर तुझा आवाज हलका होत गेला. आवाज बारीक होतो तसा नव्हे. वजन नसलेला. जिना चढताना थांबावं लागतं म्हणालीस, आणि लगेच म्हणालीस, की जड शरीर हलकं होतं तेव्हा आधी थोडा दम लागतोच. चार दिवसांनी, संध्याकाळी, मी भाजी घेऊन घरी येत होतो तेव्हा तुझा फोन आला. तू खूश होतीस.

"बाळ्या, निघून राहिला."

"कोण?"

"आम. इतक्या वर्षांचा. काळाकुट्ट पडून राहिला, चिकट, डांबरासारखा. दोन दिवस झाले. ग्रंथात आहे तसाच."

मी रस्त्याच्या कडेला थांबलो. भाजीची पिशवी खाली ठेवली असावी, कारण नंतर ती तिथेच राहिली.

"ताई, ते रक्त आहे. पोटातून जाऊन राहिलं. डॉक्टरीण तेच सांगत होती, आठवते ना?"

"ती गोळीबद्दल सांगत होती. हे उपवासानं होऊन राहिलं."

"आत्ता दवाखान्यात जा. प्रभावहिनींना बोलाव."

"परवा एकादशी आहे. द्वादशीला पारणं झालं की तू म्हणशीन तिथं चालतो."

"ताई."

"अबे, तूच म्हणत होता ना, पुरावा पाहिजे म्हणून? हा घे पुरावा." आणि तू फोन ठेवलास. तुझा-माझा जन्मभराचा वाद तू जिंकल्याच्या आनंदात होतीस.

मी प्रभावहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई तं चांगल्या आहेत भाऊ, आत्ता आरतीले होत्या." सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटो केला. तू दारात नव्हतीस. आत आरामखुर्चीत बसली होतीस, हात मांडीवर, आणि तुझी नखं कागदासारखी पांढरी होती. खालची पापणी ओढून पाहिली, तिथेही रंग नव्हता. तू माझा हात झटकलास. त्यातही जोर नव्हता.

प्रभावहिनी फुलं घेऊन आल्या, तुझ्या पाया पडल्या आणि मागे सरून तुझ्याकडे पाहत राहिल्या. "पाहा ना भाऊ, काय गोऱ्या झाल्या ताई. चेहऱ्यावर तेज आलं."

मी म्हटलं, "वहिनी, हे तेज नाही. अंगात रक्त नाही."

त्या तुझ्याकडे पाहून हसल्या, तू त्यांच्याकडे. सवयीने नास्तिकपणा करणाऱ्या घरच्या माणसाकडे पाहून हसतात तसं.

मी दिवसभर वाद घातला. रागावलो. विनवलं. डॉक्टरणीला फोन लावून तुझ्या कानाशी धरला, तू "हो बाई, द्वादशीला नक्की" म्हणून परत दिलास. उचलून न्यावं का, असं मनात येत होतं, आणि तू ते ओळखून म्हणालीस, "मले उचलून नेशीन तं मी तुले कधी माफ करणार नाही." एकादशी उजाडली. सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर तुझ्या तळहातावर ते तीन थेंब होते आणि गोळी गिळून झाली होती. दुपारी आरती करायला तू उठलीस, समईकडे हात केलास आणि खाली बसलीस. पडली नाहीस. बसलीस, एखादं काम आठवल्यासारखी, आणि मग डोक्याने जमीन टेकली. मग मी काही विचारलं नाही. उचललं. लहानपणी तू मला कडेवर घ्यायचीस, तेव्हाच्या माझ्याहून तू हलकी होतीस.

दवाखान्यात शुद्ध आली. रक्त चढवत होते. तू विचारलंस, "कोणाचं होय?" नर्स म्हणाली, "ओ पॉझिटिव्ह." तू मान हलवलीस, जणू घराणं चांगलं निघालं. पलंगाच्या डोक्याशी पाटी लावली होती: तोंडाने काहीही देऊ नये. तू ती दोनदा वाचलीस.

"पाह्य," तू म्हणालीस, "इथंबी निर्जळीच."

मी हसलो. तुझ्यासमोर मला हसता आलं, याचं मला बरं वाटतं. त्यानंतर तू माझा हात धरलास आणि बोटं वळवायला गेलीस. ती वळेनात. "आज नाही होऊन राहिलं," म्हणालीस. मला वाटलं, तू आता म्हणशील, की तुझं बरोबर होतं. तू म्हणालीस, "तू सकाळपासून काही खाल्लं का?"

दुर्बिणीने पोट पाहणार होते, त्याच्या आधीच आतून पुन्हा रक्त सुटलं. सकाळी तू गेलीस. द्वादशी होती. बायका म्हणाल्या, काय भाग्य, व्रत पूर्ण करून गेल्या. पारणं झालं नव्हतं, पण तो निवाडा द्यायला आता कोणी नव्हतं.

शोकसभेत ठराव झाला, की कॉलनीतल्या पंचवीसेक जणी तुझी एकादशी पुढे चालवतील. दिवस झाल्यावर मी घर आवरत होतो तेव्हा प्रभावहिनी आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, ताईच्या त्या गोळ्या उरल्या असन तं फेकू नका. मले द्या."

"तुमचं काय दुखतं?"

"दुखत काई नाही. पण आमी एकादशी धरली ना ताईची. त्या जशी करत तशीच केली पायजे. गोळी तं त्यातलीच होय."

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. रिकामं पोट, गोळी, जठरातली जखम, काळं का पडतं, पांढरी नखं. तुला जितकं सांगितलं होतं त्याहून सोपं करून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुमचं दुःख समजते, भाऊ."

गोळ्या मी त्यांना दिल्या नाहीत, अकोल्याला घेऊन आलो. काल एकादशी होती. फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं, की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवीन पाकीट आणलं. चिठ्ठी लागत नाही.